लिश्टेनस्टाइन : पाहुणे निघून गेल्यावर

वहीपूजन झाले, लाभपंचमीला दुकान उघडले आणि कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता झाली, की व्यापारी घरांत प्रवासाची भाषा सुरू होते. शत्रुंजयाची यात्रा त्याच दिवसापासून पुन्हा खुली होते. कोणी शिखरजीचे आरक्षण पाहते, कोणी महाबळेश्वरचे. युरोपचे नाव निघाले तर मात्र घरातील वडीलधारे एका वाक्यात विषय संपवतात : तिकडे आता थंडी असते, तो विषय मे महिन्यात काढावा. मे महिन्यात युरोपला जाणाऱ्यांची संख्या त्यामुळे इतकी वाढली आहे, की स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध शिखरांवर मराठी, मारवाडी आणि गुजराती या तिन्ही भाषा एकाच रांगेत ऐकू येतात.

त्या मे महिन्याच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत झुरिक आणि इन्सब्रुक यांच्या मधोमध एक ओळ पुष्कळदा आढळते : लिश्टेनस्टाइनला धावती भेट. बस राजधानी वाडुझच्या वाहनतळावर उभी राहते, मंडळी उतरतात, पर्यटन कार्यालयात थोडे शुल्क भरून पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घेतात, टेकडीवरच्या किल्ल्याबरोबर छायाचित्र काढतात आणि तासा-दीड तासात पुढे निघतात. एक देश पाहिला, अशी नोंद होते. १६० चौरस किलोमीटरच्या देशाला याहून अधिक वेळ कशाला हवा, असा हिशेब त्यामागे असतो. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांचे एकत्रित क्षेत्रफळ घेतले तर त्याच्या जेमतेम चौथ्या भागाएवढा हा देश. लोकसंख्या सुमारे ४० हजार. आपल्याकडे तालुक्याच्या गावालाही एवढी वस्ती असते.

हा हिशेब चुकतो तो हंगामामुळे. उन्हाळ्यात वाडुझचा मुख्य रस्ता पाहुण्यांचा असतो. डोंगरावरील मालबुन या वस्तीत बर्फावर घसरण्याच्या खेळाचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत चालतो. या दोहोंच्या मध्ये, नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबरचे पहिले दहा-बारा दिवस, असा एक कालखंड येतो की ज्यात या देशात त्याची स्वतःची माणसे आणि रोज कामाला येणारी शेजारची माणसे यांखेरीज फारसे कोणी नसते. दुकानदाराला दुसऱ्याचे दुकान पाहायचे असेल तर तो सणाच्या गर्दीत जात नाही. मंगळवारी दुपारी जातो. तसे हे आहे.

जाणे अवघड नाही. या देशाला विमानतळ नाही. स्वतःची आगगाडीही नाही. देशातून जाणारी एकमेव छोटी रेल्वेवाट ऑस्ट्रियाच्या रेल्वेची आहे. झुरिकला उतरावे, मुख्य स्थानकावर गाडी बदलून सारगान्स गाठावे आणि तेथून बसने सुमारे अर्ध्या तासात वाडुझला पोहोचावे. लिश्टेनस्टाइन २०११ च्या अखेरीस शेंगेन क्षेत्रात आला, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. स्वित्झर्लंडचा शेंगेन व्हिसा पुरतो. ऱ्हाइन नदी ओलांडली की देश बदलतो, पण बसमधील प्रवाशाला ते कोणी सांगत नाही. चलनही बदलत नाही, कारण येथे स्विस फ्रँकच चालतो. एका फ्रँकला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात, ही गोष्ट मात्र प्रत्येक खरेदीच्या वेळी आठवत राहते. हंगाम नसल्याने निवासाचे दर थोडे उतरलेले असतात. जेवणाचे उतरत नाहीत.

थंडीचे भय वाटते तेवढे नसते. वाडुझ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. या दिवसांत दुपारी पारा शून्याच्या थोडा वर आणि रात्री शून्याखाली असतो. मधूनच दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून ‘फ्योन’ नावाचा कोरडा, ऊबदार वारा सुटतो आणि ऐन हिवाळ्यात एखादा दिवस पुण्याच्या जानेवारीसारखा होतो. हा वारा प्रवाशाला सुखावतो, पण स्थानिक माणूस त्याला वचकून असतो, कारण लाकडी घरांच्या काळात याच वाऱ्याने आगी गावभर पसरत. कपड्यांच्या बाबतीत एक सूचना महत्त्वाची. बाजारात मिळणाऱ्या उत्तम हिवाळी कोटांत बदकांची आणि हंसांची पिसे भरलेली असतात; त्यावर जर्मन भाषेत ‘डाउनेन’ असे लिहिलेले असते. कृत्रिम तंतू भरलेले कोटही तितकेच ऊबदार मिळतात. ते आणि चामड्याविना शिवलेले, तळाला पकड असलेले बूट येथूनच घेऊन जावेत. तिकडे गेल्यावर निवड करायला उसंत मिळत नाही आणि किंमत विचारण्याची इच्छाही उरत नाही.

आता मूळ अडचण. आजी-आजोबांना बरोबर न्यावे की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत थंडीवरून नव्हे तर सूर्यावरून अडतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाडुझमध्ये सूर्योदय पावणेआठच्या पुढे आणि सूर्यास्त साडेचारच्या सुमारास होतो. नवकारसी पाळणाऱ्याने पहिला घास सुमारे पावणेनऊला घ्यायचा आणि चौविहार करणाऱ्याने साडेचारच्या आत पाणीसुद्धा आटोपायचे. सूर्यास्तापूर्वी दोन घटका थांबण्याची रीत असलेल्यांना पावणेचारलाच आवरावे लागते. म्हणजे सारा आहार सात-पावणेआठ तासांत बसवायचा. त्यातच तेथील बहुतेक उपाहारगृहांची गरम जेवणाची चूल दुपारी दोनच्या सुमारास विझते ती संध्याकाळी सहापर्यंत पेटत नाही. ज्या वेळी जैन कुटुंबाला दुसरे जेवण हवे, नेमके त्याच वेळी गावात गरम अन्न मिळत नाही. ही वस्तुस्थिती आधी लक्षात न घेतल्यामुळे अनेकांच्या युरोप-प्रवासात नियम तरी मोडतो किंवा चिडचिड तरी होते.

मे महिन्यात दिवस मोठा असतो म्हणून हे सोपे वाटते, पण तेथेही दुसरी बाजू आहे. जूनमध्ये सूर्यास्त सव्वानऊच्या पुढे जातो आणि रात्री साडेआठला जेवूनही चौविहार साधतो, हे खरे. मात्र त्या दिवसांत पहाटे साडेपाचपासून सूर्य वर असतो आणि सहलीचा दिवस संपता संपत नाही. हिवाळ्यातील दिवस आखूड, पण शिस्तीचा. साडेचारला घराकडे वळायचे, एवढे एकदा ठरले की पुढचा सारा वेळ सामायिक, प्रतिक्रमण, गप्पा आणि झोप यांना मोकळा मिळतो. घरात वृद्ध माणसे असतील तर त्यांना हाच क्रम अधिक मानवतो. एक लहानशी गोष्ट ध्यानात ठेवावी : वाडुझच्या पूर्वेला लागूनच उंच डोंगर आहे, त्यामुळे ऊन अंगावर यायला सूर्योदयानंतर बराच वेळ लागतो, आणि मालबुनसारख्या खोलगट जागी दुपारीच सूर्य कड्याआड जातो. नियमाची वेळ त्या गावाच्या गणिती सूर्योदय-सूर्यास्तावरून धरावी, डोंगराच्या सावलीवरून नव्हे. भारतातील पंचांग तर येथे बाजूलाच ठेवावे.

राहण्यासाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. जर्मनमध्ये त्याला ‘फेरिएनव्होनुंग’ म्हणतात आणि या दिवसांत ते सहज मिळते. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले, खाकरे येथून नेता येतात. दुधाचे पदार्थ मात्र नेता येत नाहीत : भारतातून तूप, पेढे, बर्फी, पनीर घेऊन जाण्यास स्विस सीमाशुल्क नियमांनी मनाई आहे. ताजी फळे-भाज्याही नेऊ नयेत. तेथील दूध, लोणी, दही उत्तम असते आणि घरचे तूप लोण्यापासून वीस मिनिटांत कढवता येते. स्वित्झर्लंडमध्ये ‘मिग्रो’ ही किराणा मालाची मोठी सहकारी साखळी आहे. ती आपल्या मुख्य दुकानांतून दारू व तंबाखू विकत नाही. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने २०२२ साली सभासदांना मत विचारले, तेव्हाही सभासदांनी दारूविक्रीला नकारच दिला. नफ्याची एवढी मोठी संधी समोर असता ग्राहकांनीच दुकानदाराला ‘नको’ म्हणावे, असे उदाहरण विरळा.

विकत घेताना वेष्टनावरील चार-सहा शब्द ओळखता आले तर काम भागते. ‘आय’ म्हणजे अंडे, ‘गेलाटीने’ म्हणजे प्राणिज जिलेटिन, ‘श्माल्त्स’ म्हणजे चरबी, ‘श्पेक’ म्हणजे डुकराचे मांस, ‘त्स्वीबेल’ म्हणजे कांदा, ‘क्नोब्लाउख’ म्हणजे लसूण, ‘कार्टोफेल’ म्हणजे बटाटा. ‘ओने’ म्हणजे ‘विना’. हा शब्द पुढे लावून बोलले की उपाहारगृहातील माणूस समजून घेतो. सर्वांत फसवा पदार्थ चीज. दुधापासून झालेले, म्हणून निर्धास्तपणे खाल्ले जाते; परंतु आल्प्समधील पारंपरिक चीज दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरून केले जाते. वेष्टनावर त्याला ‘लाब’ म्हणतात. सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट असेल तर तसा स्पष्ट उल्लेख असतो. उल्लेख नसेल तर ते घेऊ नये. त्यामुळे या देशाचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ‘केझक्न्योफ्ले’ आपल्या उपयोगाचा नाही. पिठाच्या गोळ्यांत अंडे, वर चीज, त्यावर तळलेला कांदा. एका ताटलीत तिन्ही अडचणी.

त्याची भरपाई ‘रीबेल’ करतो. हे ऱ्हाइनच्या खोऱ्यातील गरिबांचे जुने अन्न. मक्याचा भरडा, थोडा गव्हाचा रवा, दूध-पाणी आणि मीठ एकत्र शिजवून मग लोण्यावर परतत परतत मोकळा करायचा, सांज्यासारखा. सोबत सफरचंदाचा शिजवलेला गर. यात ना अंडे, ना चीज, ना कांदा. मका त्या भागात परदेशातून आला म्हणून लोक त्याला ‘तुर्की’ धान्य म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांचा नाश्ता असलेला हा पदार्थ पुढे गरिबीची खूण म्हणून मागे पडला आणि आता पुन्हा प्रतिष्ठेचा झाला आहे. भरडा दुकानात मिळतो. घरातील आजींना तो कढईत परतण्यास कोणी शिकवावे लागणार नाही.

जवळपास देरासर नाही. युरोपच्या मुख्य भूमीवरील मोठे जैन मंदिर बेल्जियममधील अँटवर्पला, तेथील हिरेव्यापाऱ्यांनी उभारलेले. ते पुष्कळ दूर पडते. म्हणून पूजेचे साहित्य सोबत असलेले बरे.

वाडुझचा मुख्य रस्ता, ‘श्टेट्ले’, पायी दहा मिनिटांत संपतो. त्यावर काळ्या चकचकीत काँक्रीटचे कलासंग्रहालय आहे, टपाल-तिकिटांचे संग्रहालय आहे, २५ सदस्यांच्या संसदेची विटांची इमारत आहे आणि शेवटी चर्च. वर कड्यावर राजवाडा. तेथे राजघराणे राहते, म्हणून आत प्रवेश नाही. घड्याळांची आणि आठवण-वस्तूंची दुकाने उघडी असतात, पण त्यांत गिऱ्हाईक नसते आणि विक्रेत्याला बोलायला वेळ असतो. रविवारी मात्र सारे बंद. ८ डिसेंबरला कॅथलिक सण म्हणून सरकारी सुटी असते. त्या दिवशी बँक किंवा कार्यालयाचे काम ठेवू नये. या शांत रस्त्यावर उभे राहिले की व्यापारी माणसाच्या मनात एकच प्रश्न येतो. खनिज नाही, बंदर नाही, सैन्य नाही, स्वतःचे चलन नाही. मग हे चालते कशावर?

उत्तर खरेदीखतापासून सुरू होते. लिश्टेनस्टाइन हे मुळात गावाचे किंवा डोंगराचे नाव नव्हे, ते एका धनाढ्य घराण्याचे नाव. व्हिएन्नाच्या दरबारात वजन असलेल्या या घराण्याकडे विस्तीर्ण जमिनी होत्या, पण थेट सम्राटाच्या अधिकाराखालील एकही नव्हती आणि तशी असल्याशिवाय साम्राज्याच्या सभेत राजपुत्र म्हणून आसन मिळत नसे. कर्जात बुडालेल्या होहेनेम्स घराण्याकडून त्यांनी १६९९ मध्ये शेलेनबर्ग १,१५,००० गुल्डनला आणि १७१२ मध्ये वाडुझ २,९०,००० गुल्डनला विकत घेतले. १७१९ मध्ये सम्राटाने दोन्ही जोडून संस्थान केले. मालकांना हवे होते ते आसन, जमीन नव्हे. त्यामुळे राज्य करणारा राजा प्रत्यक्ष आपला देश पाहायला पहिल्यांदा आला तो १८४२ मध्ये आणि राजघराणे कायमचे वाडुझला राहू लागले ते १९३८ मध्ये. सैन्य खर्चिक म्हणून १८६८ मध्येच बरखास्त झाले होते.

गरिबी मात्र हटली नव्हती. १८५२ पासून हा देश ऑस्ट्रियाशी सीमाशुल्काने बांधलेला होता. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया हरला, त्याचे चलन कोसळले आणि लोकांनी आयुष्यभर साठवलेल्या ठेवींची किंमत कागदाएवढी झाली. तेव्हा या लहान देशाने बाजू बदलली. १९१९ मध्ये जुना करार मोडला, १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी सीमाशुल्क-करार केला आणि १९२४ पासून तो अमलात आला. शेजाऱ्याचे चलन, शेजाऱ्याची जकात, शेजाऱ्याची बाजारपेठ. स्वतःकडे ठेवला तो कायदा करण्याचा अधिकार. शंभर वर्षे टिकलेली ही भागीदारी त्या देशाची खरी पुंजी आहे. मोठा भागीदार निवडताना काय सोडावे आणि काय हातचे ठेवावे, याचा इतका स्वच्छ नमुना व्यापारी कुटुंबांनी अवश्य पाहावा.

पुढचा काळ सुरळीत गेला असे नाही. सप्टेंबर १९२७ मध्ये शानजवळ ऱ्हाइनचा बांध फुटला आणि देशाचा उत्तर भाग पाण्याखाली गेला. पुढच्याच वर्षी त्याहून मोठा तडाखा बसला : सरकारी बचत बँकेतील काही जणांनी लॉटरी आणि सट्ट्याच्या व्यवहारांत बँकेचा पैसा गुंतवून बुडवला होता. तोटा राज्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून मोठा निघाला आणि सरकारला पायउतार व्हावे लागले. त्याआधी १९२६ मध्ये कंपन्या व न्यास यांविषयीचा एक अतिशय सैल कायदा झालाच होता. परकीयांनी आपला पैसा तेथे नावाविना ठेवावा, ही सोय त्या कायद्यातून वाढत गेली आणि पुढे काही दशके देशाची ओळख तीच होऊन बसली.

ही ओळख भारतात कशी पोहोचली, हे बऱ्याच वाचकांना आठवत असेल. फेब्रुवारी २००८ मध्ये वाडुझमधील एका बँकेच्या न्यास-विभागातून चोरलेली खातेदारांची माहिती जर्मन सरकारने विकत घेतल्याचे उघड झाले. जर्मन टपाल कंपनीचे प्रमुख क्लाउस त्सुमविंकेल यांच्या घरावर छापा पडला आणि त्यांनी पद सोडले. त्या माहितीतील भारतीय नावांची यादी जर्मनीने २००९ मध्ये भारताला दिली. ती उघड करावी की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयात झगडा झाला. जुलै २०११ चा निकाल आणि २०१४ मध्ये न्यायालयापुढे आलेली नावे यांमुळे ‘लिश्टेनस्टाइन’ हा उच्चारायला कठीण शब्द आपल्या वर्तमानपत्रांत वरचेवर येऊ लागला. सहलीचे ठिकाण म्हणून नव्हे.

त्या देशाने पुढे काय केले, ते मात्र आपल्याकडे फारसे छापून आले नाही. मार्च २००९ मध्ये त्याने करविषयक माहिती देण्याचे आंतरराष्ट्रीय मापदंड जाहीरपणे मान्य केले. २०१३ मध्ये भारताशी करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचा करार केला. गुप्ततेच्या जोरावर येणारा पैसा काही प्रमाणात जाणार, हे ठाऊक असून हा निर्णय झाला. तो केवळ सद्बुद्धीने झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दबाव मोठा होता. पण देश तगला, कारण तोवर त्याच्याकडे दुसरे खरे उत्पन्न होते.

ते उत्पन्न पाहायचे असेल तर वाडुझऐवजी सकाळी सातच्या सुमारास शान गावच्या बसथांब्यावर उभे राहावे. अंधारात बसमागून बस येते आणि स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियातून आलेली माणसे उतरून कारखान्यांकडे चालू लागतात. या देशात नोकऱ्या लोकसंख्येइतक्या आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे रोज सीमा ओलांडून येतात. १९४१ मध्ये दोन भावांनी सुरू केलेली ‘हिल्टी’ येथलीच. भारतातील मोठ्या बांधकामांवर भिंतीला भोके पाडणारी तिची लाल यंत्रे दिसतात. दंतवैद्यांना कृत्रिम दात व साहित्य पुरवणारी ‘इव्होक्लार’ हीदेखील शानचीच. ज्या देशाची ओळख बँकेने झाली, त्याच्या एकूण उत्पन्नात कारखानदारीचा वाटा फार मोठा आहे. १० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी व्यापार-करार केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू आहे. यंत्रे, रसायने, वस्त्रे यांचा व्यापार करणाऱ्यांनी या चौथ्या नावाकडे दुर्लक्ष करू नये.

एक दिवस उत्तरेकडील शेलेनबर्गसाठी राखावा. बस वळणे घेत चढते. खाली खोऱ्यात धुके भरलेले आणि वर लख्ख ऊन, असा देखावा या दिवसांत वारंवार लाभतो. हिंटरशेलेनबर्ग येथे रस्त्याच्या कडेला एक स्मारक आहे. मे १९४५ च्या सुरुवातीला, एका रात्री, जर्मन सैन्याबरोबर लढलेले सुमारे ५०० रशियन सैनिक, काही स्त्रिया आणि मुले यांच्यासह येथून सीमा ओलांडून आत आले. मागे सोव्हिएत संघाकडे परत जाणे म्हणजे बहुतेकांना मृत्यू किंवा छावणी. त्या काळी सोव्हिएत नागरिकांना परत देण्याचे मोठ्या राष्ट्रांनीही मान्य केले होते आणि तसे हजारो लोक दिले गेले. लिश्टेनस्टाइनची वस्ती तेव्हा सुमारे १२ हजार. सैन्य नाही, अन्न तुटपुंजे. सोव्हिएत अधिकारी वाडुझला आले, त्यांनी मागणी केली. उत्तर मिळाले की ज्याला स्वेच्छेने जायचे त्याने जावे, बळजबरीने कोणालाही देणार नाही. काही जण परतले. उरलेल्यांपैकी अनेक १९४७ मध्ये अर्जेंटिनाला गेले.

हे लोक निर्दोष होते असे नाही. हिटलरच्या बाजूने त्यांनी शस्त्र धरले होते. या राजघराण्याचे हातही सर्वस्वी स्वच्छ नव्हते : देशाने स्वतः नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २००५ मध्ये सांगितले, की ऑस्ट्रियातील राजघराण्याच्या जमिनींवर युद्धकाळात छावणीतील ज्यू कैद्यांकडून सक्तीने काम करून घेतले गेले. दोन्ही नोंदी एकाच वहीत आहेत. तरीही शरण आलेल्याला अभय द्यावे, तो कोण आहे हे न पाहता द्यावे, ही गोष्ट जैन वाचकाला ओळखीची वाटेल. ती निःशस्त्र देशाने केली, हे त्यातले विशेष. स्मारकापाशी या दिवसांत सहसा कोणी नसते.

शेवटचा दिवस मालबुनचा. वाडुझहून बस त्रीझेनबर्गमार्गे वर जाते. त्रीझेनबर्ग हे उतारावर विखुरलेले गाव. सुमारे ७०० वर्षांपूर्वी पश्चिमेकडील वालिस प्रांतातून आलेल्या वाल्झर लोकांनी ते वसवले आणि त्यांची बोली आजही खालच्या गावांहून निराळी आहे. पुढे बोगदा आणि मग १,६०० मीटरवर मालबुन. हंगाम सुरू होण्यापूर्वी पाळणे स्थिर असतात, बहुतेक हॉटेलांची दारे बंद असतात, रस्त्यावर दोन-चार माणसे फावड्याने बर्फ सारत असतात. काही मंडळींना हे पाहून पैसे फुकट गेल्यासारखे वाटेल. मुलांना तसे वाटत नाही, कारण सगळे मैदान त्यांचेच असते. वृद्धांनी मात्र कडक बर्फ झालेल्या पायवाटांवर जाऊ नये. थांब्याजवळच्या सपाट रस्त्यावर फिरावे. येथे खाण्यासाठी काही उघडे असेलच असे धरून चालू नये. डबा आणि गरम पाण्याची बाटली सोबत असावी आणि दीडच्या आत जेवण उरकावे. त्यानंतर ऊन जाते आणि गारठा एकदम वाढतो.

परतताना सर्वांनी सारगान्सचीच बस धरायला हवी असे नाही. वाडुझपासून अर्ध्या तासाच्या चालीवर ऱ्हाइनवर छप्पर असलेला एक जुना लाकडी पूल आहे, १९०१ मधला, १३५ मीटर लांब. मोटारींना तेथे मज्जाव आहे. चालणारे आणि सायकलस्वार जातात. आत लाकडाचा वास, खाली हिवाळ्यात आटलेल्या नदीचा आवाज आणि बरोबर मध्यावर दोन देशांची चिन्हे. तपासणीची चौकी नाही, पासपोर्ट कोणी मागत नाही. पलीकडच्या टोकाला सेवेलेन हे स्विस गाव. त्याच्या रेल्वे स्थानकावरून सारगान्सकडे जाणारी गाडी मिळते. सामान जड असेल तर मात्र बसच बरी.